नातीबरोबर पवनाकाठी

सुट्टी म्हणजे अभ्यासाला सुट्टी, अशी आमच्या पिढीची साधीभोळी समजूत होती. मे महिना आला की आंब्याची आढी, पत्त्यांचा डाव आणि ओसरीवर घोरणारी वडीलमंडळी, एवढाच काय तो अभ्यासक्रम! त्यामुळे यंदा सुट्टी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या नातीने दोन छापील कागद माझ्यापुढे ठेवले आणि "आजोबा, हा सुट्टीतला अभ्यास. यात तुम्ही लागणार आहात," असे फर्मावले, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा घातला.

आमचे चिरंजीव चाकणला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. त्यांच्या कन्येची शाळा परदेशी वळणाची. तिथे अकरावीला अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाचे वरच्या पायरीचे विषय घेता येतात, आणि बाईसाहेबांनी पर्यावरण विज्ञान निवडलेले. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू व्हायचे. पण त्याआधी करायच्या कामांची यादी हातात. एक, एका अमेरिकन प्राध्यापकाचा निबंध वाचा. दोन, घरातल्या नळाचे पाणी कुठून येते आणि मोरीतले कुठे जाते, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. तीन, तीन ठिकाणचे पाणी तपासा. चार, या भागात पन्नास वर्षे राहिलेल्या माणसाशी बोला.

चौथ्या कलमासाठी माझी वर्णी लागली होती. १९७३ साली मी साताऱ्याकडून पिंपरीत आलो. प्राधिकरणाची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आणि आज जिथे आमचे घर आहे तिथे माळरानावर मेंढ्या बसत.

शालेय शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा असावा, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले आहे. तेव्हापासून आपल्याकडची मुले तो विषय पाठ करून उतरवून काढीत आली आहेत. नदीवर जाऊन बाटली भरून आणा, असे सांगणारा कागद मात्र मी प्रथमच पाहिला. परदेशी असला म्हणून काय झाले, चांगल्याला चांगले म्हणावे!

पाऊस यायच्या आत निघायला हवे होते. दोन दिवस उपकरणे जमवण्यात गेले. पाण्याचा गढूळपणा मोजायची एक तबकडी असते. इटलीतल्या आंजेलो सेक्की नावाच्या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने ती १८६५ साली पोपच्या जहाजावरून समुद्रात सोडली होती. आम्ही ती जुन्या डब्याच्या झाकणाची केली. चार पाकळ्या आखून दोन काळ्या, दोन पांढऱ्या रंगवल्या, खाली वजनाला नट बांधले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला वितीवितीवर गाठी मारल्या. तबकडी दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तपासायची रसायनांची पेटी तिच्या बापाने मागवून दिली.

पहिल्या दिवशी पहाटे निगडीहून तळेगाव, कामशेत आणि तिथून पवनानगरचा रस्ता. एका बाजूला लोहगड-विसापूर, समोर तिकोना, पाठीमागे तुंग, आणि मधोमध पवना धरणाचे निळे पाणी. १९७२ साली धरण झाले. त्याखाली गावे गेली, आणि त्यातल्या कित्येकांच्या जमिनीचा प्रश्न पुढे कैक दशके रेंगाळला. वाटेत बऊर गाव लागते. धरणाचे पाणी नदीतून न आणता सुमारे ३५ किलोमीटरच्या बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला न्यावे, अशी योजना निघाली होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी तिच्या विरोधात द्रुतगती महामार्गावर उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले. त्यांत एक बाई होती. काम थांबले, स्थगिती उठायला २०२३ साल उजाडले.

नात ऐकत होती. "म्हणजे आपल्या नळासाठी?" तिने विचारले. मी मान हलवली. दुसरे काय करणार?

त्या अमेरिकन प्राध्यापकाचा निबंध तिने धरणाच्या कडेला बसून मला समजावून दिला. गॅरेट हार्डिन त्याचे नाव, निबंध १९६८ सालचा. गावाचे एक सामाईक कुरण आहे. प्रत्येक जण म्हणतो, माझे एक गुरू वाढले तर काय बिघडणार? फायदा त्याचा एकट्याचा, तोटा मात्र सगळ्यांत वाटला जातो. असे करता करता कुरण उजाड होते. ऐकायला गोष्ट पटते. पण आमच्याकडे गायरान होते, आणि तिथे कोणाची गुरे कधी सोडायची याला रिवाज होता. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बंधाऱ्याचे पाणी वाटून घेत आले. पाटकऱ्याने बारी मोडलेली तिथे खपत नसे. हे मी सांगितल्यावर नात म्हणाली, "बरोबर! एलिनॉर ऑस्ट्रॉम हेच म्हणतात." चौकशी केली तेव्हा कळले, या बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. आमच्या गायरानाला एवढी मोठी वकील लाभल्याचा मला मनापासून आनंद झाला.

मग बाटली भरली. ही प्राणवायूची परीक्षा हंगेरीतल्या विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधून काढली, आणि ती मोठी मजेची आहे. बाटलीत एका औषधाचे थेंब टाकायचे, मग दुसऱ्याचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. पुढचे मोजमाप वेगळे. पण निम्मा निकाल तिथेच डोळ्यांना दिसतो. पवनानगरच्या बाटलीत चांगला चहाच्या चोथ्यासारखा साका बसला. तबकडीच्या गाठी मोजता मोजता दोरी संपत आली.

तिथून नदीच्या कडेकडेने खाली रावेतला आलो. शहराच्या पाण्याची मुख्य किल्ली इथे आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते; तिथे ते उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात. पवनेतून दिवसाला पन्नास कोटी लिटरच्या आसपास पाणी शहरासाठी काढले जाते. एवढे काढूनही २०१९ च्या अखेरीस नळाला एक दिवसाआड पाणी सुरू झाले. पंप पाहताना नातीने विचारले, "आजोबा, सगळं चांगलं पाणी इथे वर घेतलं, तर खालच्या नदीत काय उरतं?"

पन्नास वर्षे मी या नदीवरून जा-ये केली. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. उन्हाळ्यात बंधाऱ्याखाली जे वाहते, त्यात मोठा वाटा नाल्यांचा आणि सांडपाण्याचा. नदीच्या जागेवरून वाहते म्हणून तिला नदी म्हणायचे.

चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घेतले. पावसाळ्यात पवनेचे पाणी या देवळात शिरते. आम्ही गेलो तेव्हा घाटाखाली पाणी नव्हतेच, हिरवेगार मैदान होते! एका लहान पोराने तर त्यावर चेंडू टाकून पाहिला. ही जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद खाऊन ती फोफावते, आणि खालच्या पाण्याला ना ऊन मिळू देते ना वारा. तबकडी सोडायला काठीने भोक पाडावे लागले. पहिली गाठ बुडायच्या आत ती दिसेनाशी झाली.

दापोडीला हॅरिस पुलाजवळ पवना मुळेला मिळते. तिथल्या बाटलीत साका धरला तो फिकट, दुधात बिस्किट विरघळल्यासारखा. नातीने तिन्ही बाटल्या ओळीने मांडून फोटो काढला. "कारखान्यांचं पाणी का हे?" तिने विचारले. "घरांचंच जास्त. आणि आता कायदे आहेत," मी जरा घाईनेच म्हणालो.

दुसरा दिवस इंद्रायणीचा. देहूच्या डोहातल्या माशांना कोणी हात लावीत नाही, म्हणून तिथे ते अजून निर्धास्त दिसतात. पुढे चिखलीत नातीला पूररेषा पाहायच्या होत्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले हरित लवादाच्या निकालानंतर, आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकल्यावर, २०२५ च्या मे महिन्यात महापालिकेने पाडले. लोकांनी आयुष्याची पुंजी तिथे ओतली होती. नदीची जागा नदीची हे खरेच. पण ती रेषा प्लॉट विकतानाही तिथेच होती ना?

निघोजेला इंद्रायणीतून शहरासाठी पाणी उचलतात, आणि त्याच नदीवर खाली आळंदीला पाण्यावर पांढरा फेस तरंगतो. साबणातली आणि कारखान्यांतली द्रव्ये पाण्यात मिसळलेली असली की बंधाऱ्यावरून पडताना ते घुसळले जाते आणि फेस धरतो. गेली काही वर्षे हे वारंवार घडते आहे. घाटावर एक म्हातारी वारकरीण हाताने फेस बाजूला सारून ओंजळ भरीत होती. "कोण करतं बाई हे?" तिने नातीलाच विचारले. नात म्हणाली, "कारखाने, आजी. आणि आपण सगळे." म्हातारीने ओंजळ डोळ्यांना लावली. आळंदीची पालखी पंढरपूरला पायी जाते. हे पाणीही तिथेच जाते, तुळापूरला भीमेला मिळून, उजनीवरून.

चाकणला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. चाकण म्हणजे आमच्या वेळी कांद्याचा बाजार, आणि शाळेच्या पुस्तकातला संग्रामदुर्ग, जो १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध पन्नासहून अधिक दिवस लढवला. आता तळेगाव चौकात कंटेनरांची रांग, आणि तिच्यात नव्याकोऱ्या मोटारी घेऊन निघालेल्या गाड्या. इथे पडलेल्या पावसाचे पाणी उत्तरेला भामेकडे जाते, दक्षिणेला इंद्रायणीकडे. शेवटी भेटतात दोन्ही भीमेतच. नात चहाच्या टपरीवर बसून त्याचा नकाशा काढीत होती. चौथे कलम तेवढे राहिले होते.

"आजोबा, तुम्ही कुठे कामाला होतात त्या कारखान्यातलं पाणी कुठे जायचं?"

मी एका लहानशा कारखान्यात प्लेटिंग खात्यात होतो. स्कूटरच्या भागांवर क्रोम चढवायचे. टाकीतून काढलेला माल धुतला की पाणी पिवळेजर्द होई. त्यातला क्रोमियम विषारी. त्याचा उतारा मालकालाही ठाऊक होता आणि मलाही: आम्ल घालून हिराकस मिसळायची, मग चुना टाकायचा, साका खाली बसला की वरचे पाणी सोडायचे. त्यासाठी टाकी बांधलेली होती. तपासणी असली की ती चाले. एरवी हिराकस महाग पडते म्हणून पाणी बाजूच्या नळाने सरळ नाल्यात. त्या नळाची चावी माझ्या हाती असे. एकदा नाल्यावर पाणी प्यायलेली एक म्हैस मेली. पाण्यानेच मेली की कशाने, कोणी तपासले नाही. मालकाने शेतकऱ्याला पैसे दिले, आणि मी दुसऱ्या दिवशी चावी फिरवली. घरी मी हे कधी बोललो नव्हतो. तिच्या आजीला ते न कळताच ती गेली.

नात लिहायची थांबली नाही. "कधीपासून कधीपर्यंत?"

"१९७६ ते १९८३."

"चावी कोण फिरवायचं, ते लिहू?"

"लिही."

तिने लिहिले. मग वहीचे पान उलटून तिने विचारले, शंभर लिटर पाण्याला हिराकस किती लागायची. ते मात्र मला अजून तोंडपाठ होते.