चार बोटांची फट

मत्स्यन्याय हा शब्द आपण राजनीतीच्या ग्रंथांतून उचलला आणि अराजकाचे वर्णन करण्यासाठी वापरत आलो. मोठा मासा लहान माशाला गिळतो. ते थांबवायचे तर दंड हवा, असे अर्थशास्त्र सांगते. पण हा दंड खुद्द माशांच्या बाबतीत चालवायची वेळ आली, तर त्याने कोणाचा पक्ष घ्यावा? लहानाचा, की मोठ्याचा? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौसेने मासे गरवणाऱ्यांना गेली काही वर्षे या प्रश्नाचे उत्तर हातात पट्टी घेऊन द्यावे लागत आहे. बॉस्टनच्या आसपास राहणारे आम्ही काही मराठी लोकही त्यांतच आलो. केप कॉड कालव्याच्या दगडी काठावर गरी टाकून उभे राहणे हा आमचा उन्हाळ्यातला नेम.

इथला मानाचा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. अंगावर लांब काळे पट्टे असलेला हा मासा प्रामुख्याने चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत जन्मतो, मोठा झाला की समुद्रात उतरतो आणि वसंतात किनाऱ्याने उत्तरेकडे येतो. त्याच्यावरचे कायदे वसाहतींइतके जुने आहेत. शेतात खत म्हणून बास टाकू नये, असा निर्बंध मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीने १६३९ मध्येच घातला. पुढे १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या मासेमारीचे उत्पन्न शाळेसाठी लावून दिले. (अध्यापक वाचकांनी या माशाचे ऋण मानायला हरकत नाही.) तरीही विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत उपसा एवढा झाला, की १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला आणि १९८५ ते १९९० या काळात मेरीलंडने ही मासेमारी पूर्णपणे बंद ठेवली. मासा परतला, १९९५ मध्ये तसे अधिकृतपणे जाहीरही झाले. २०१९ मध्ये मात्र पाहणीचा निष्कर्ष आला, की साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेला आहे.

त्यानंतर नियमांचे व्याकरणच बदलले. २०१४ पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये किमान २८ इंचांचे दोन मासे रोज ठेवता येत. २०१५ पासून एकच. तोवर अट होती ती किमान लांबीची. २०२० मध्ये तिला कमाल लांबीची जोड मिळाली: २८ इंच किंवा अधिक, पण ३५ हून कमी. २०२२ मध्ये किनाऱ्यावर हौशी लोकांनी घरी नेलेले मासे आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट भरले, कारण २०१५ साली जन्मलेली मोठी पिढी नेमकी त्या मापात आली होती. तेव्हा मे २०२३ मध्ये राज्यांच्या संयुक्त मत्स्य आयोगाने तातडीने वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली आणि २०२४ मध्ये ती नियमित नियमांत घातली. उरली ती तीन इंचांची, म्हणजे जेमतेम चार बोटांची फट.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक गंमत दिसावी. मासेमाराची कथा ही मूलतः मोठ्या माशाची कथा. निसटलेला मासा नेहमी सर्वांत मोठा असतो आणि सांगणाऱ्याचे दोन्ही हात दर वेळी थोडे अधिक पसरतात. नव्या नियमाने ही कथाच उलटी केली. आता मोठा मासा निसटत नाही, तो आपण होऊन सोडायचा असतो. पराक्रम सांगायचा तर छायाचित्र दाखवून सांगायचा. कोकणातून आलेल्या आमच्यासारख्यांना तर हे दुप्पट जड जाते. गाबोळीने भरलेली थोराड मादी हे आमच्या ताटातले परमभाग्य, आणि नियमाला वाचवायची आहे ती नेमकी तीच. १२ पौंडांची मादी साधारण साडेआठ लाख अंडी देते, तर ५५ पौंडांची सुमारे ४२ लाख. हा हिशेब कळतो; जिभेला तो पटवणे निराळे.

हातालाही नवे वळण लावावे लागले. २०२१ पासून सबंध किनाऱ्यावर आमिष लावून बास धरायचा तर टोक आत वळलेला गोल गळच वापरावा लागतो. जुन्या गळाला मासा लागला की मनगटाने झटका द्यायचा. गोल गळाला झटका दिला तर तो तोंडातून नुसता निघून येतो. थांबायचे, दोर आपोआप ताणू द्यायचा, मग गळ जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि पोटात उतरत नाही. बक्षिसापेक्षा संयम शिकवणारे असे अवजार आमच्या पाहण्यात दुसरे नाही. लाकडी-प्लास्टिकच्या खोट्या माशांवरचे तीन टोकांचे गळ काढून अनेकांनी एकेरी गळ बसवले. काट्याचे उलटे दात पक्कडीने दाबून टाकले. काही जण बासचा नाद सोडून स्कपसारख्या लहान माशांकडे वळले, आणि तळलेला स्कप खाताना त्यांची तक्रार ऐकू आलेली नाही.

परंतु खरा पेच याही पलीकडचा आहे. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. शास्त्रज्ञ शंभरांतले नऊ मरतात असे धरून चालतात. पाणी कोमट असेल, मासा फार दमवला असेल, तर अधिकही. म्हणजे दिवसभरात वीस-बावीस मासे धरून सोडणारा 'अहिंसक' खेळाडू सरासरीने दोन मासे मारतो, आणि मापातला एक घेऊन घरी जाणारा एकच. नियम मोजतो ते ठेवलेले मासे. सोडलेले मोजायला काठावर कोणी नसते. आमच्या घरांतली वडीलधारी माणसे विचारतात, "खायचा नाही तर धरायचा कशाला?" या प्रश्नाला खेळाच्या परिभाषेत उत्तर नाही. आम्ही आपसांत काढलेला मार्ग साधा आहे: मापातला एक मिळाला की गरी गुंडाळायची, आणि तीन सोडावे लागले तर त्या दिवशी चौथा धरायचा नाही. हे कोठल्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही. पण आमच्याकडे कायद्याने जून-जुलैची बंदी येण्यापूर्वीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवण्याची रीत होतीच. ती तरी कोणत्या पुस्तिकेत होती?

शतपथ ब्राह्मणात मनूच्या हातात एक इवलासा मासा येतो आणि मोठ्या माशांपासून माझे रक्षण कर, म्हणून विनवतो. मनू त्याला वाढवतो, मोठा झाल्यावर समुद्रात सोडतो, आणि प्रलयात तोच त्याची नाव ओढून नेतो. या कथेत कृतज्ञता माशाची आहे, असे आपण शिकवतो. चार बोटांच्या फटीतून ती वाचली, तर वाटते, की शहाणपण सोडून देणाऱ्याचे होते. असो. पट्टीवर एकतीस इंच भरले, की निदान तेवढे आठवावे.