चार बिऱ्हाडांचा मालक

“सरांचं बरं आहे की! बसल्या जागी भाडं येतंय.” हे वाक्य गेल्या वीस वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की आता नुसता हसतो. शिक्षक-खोलीत, लग्नाच्या पंक्तीत, खडे बाजारात गाठ पडल्यावर. ठिकाण बदलते, वाक्य तेच. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आरामखुर्चीत बसून एक तारखेला नोटा मोजणारा मालक असतो. माझ्या डोळ्यांपुढे त्याच वेळी मागच्या खोलीतला गळका नळ असतो.

बेळगावला वडगाव भागात माझी पावणेदोन गुंठ्यांची एक जुनी जागा आहे. २००४ साली ती चार लाख साठ हजारांना घेतली. निम्मे पैसे भविष्यनिर्वाह निधीतून आणि निम्मे कर्जाचे. पुढे मंगळुरी कौलांचे घर, त्यात पूर्वीच्या मालकाने मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडे केलेली. मागच्या परसात २०११ साली मी स्लॅबच्या दोन खोल्या चढवल्या. एकूण चार बिऱ्हाडे झाली. ज्यांच्या शहरात इमारती आहेत त्यांनी हसू नये. पगारदार माणसाची इस्टेट एवढीच असते. आमच्या पिढीच्या शिक्षकाला शिल्लक ठेवायला तीनच ठिकाणे ठाऊक होती : विमा, सोने आणि जागा. पतसंस्था हे चौथे. पण त्याविषयी सीमाभागातल्या वाचकांना मी काही सांगायला नको.

जागा घेताना सर्वांत रमलो मी तिच्या कागदांत. इतिहासाचा विद्यार्थी असल्याचा तेवढा एक व्यावहारिक उपयोग आयुष्यात झाला. सर्वांत जुना कागद मोडीत होता. त्यानंतरचे खरेदीखत १९५० च्या दशकातले, बेळगाव मुंबई राज्यात असतानाचे, बाळबोध मराठीत. ‘सदरहू मिळकत’, ‘चतुःसीमा येणेप्रमाणे’ अशा भारदस्त भाषेत. १९५६ साली राज्य बदलले आणि पुढचे कागद कन्नडात आले. चतुःसीमेची ‘चेक्कुबंदी’ झाली, पण पूर्वेची बोळवाट आणि पश्चिमेची विहीर आहे तिथेच राहिली. कन्नड छापील अक्षर मला वाचता येत होते. दुय्यम निबंधकाच्या शिक्क्याखालचे हस्ताक्षर येत नव्हते. म्हणून शाळेतल्या कन्नडच्या बाईंना घेऊन बसलो आणि प्रत्येक ओळ समजून घेतली. वकिलाला पैसे दिले ते निराळेच. सीमाभागात जागा घेणाऱ्या मराठी माणसाला माझे एवढेच सांगणे आहे, की कागद कळत नाही म्हणून दलालाच्या तोंडाकडे बघत बसू नये. तीस वर्षांची ई. सी., म्हणजे त्या जागेवर कोणाचा बोजा आहे काय याचा दाखला, आणि महापालिकेचा खाते उतारा, हे दोन कागद हातात आल्याशिवाय विसाराचा रुपयाही देऊ नये. शेतजमिनीचे तुकडे पाडून नुसत्या बाँडपेपरवर विकलेले प्लॉट आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. स्वस्त मिळाले म्हणून घेणारे लोक वर्षानुवर्षे उताऱ्यावर नाव चढायची वाट बघताना मी पाहिले आहेत.

आता हिशेब. मुख्याध्यापक फळ्याजवळ गेल्याशिवाय राहत नाही, त्याला इलाज नाही. पुढच्या दोन बिऱ्हाडांचे साडेपाच आणि साडेचार हजार, मागच्या खोल्यांचे साडेतीन-साडेतीन. महिना सतरा हजार, वर्षाला दोन लाख चार हजार. ऐकायला भरघोस वाटते. यातून घरपट्टीचे नऊ हजार वजा. बेळगावचा पाऊस कौलांना आणि भिंतींना सोडत नाही. डागडुजी आणि रंग यांचे सरासरी तीस हजार. मोटर, टाकी, वायरमन मिळून आठ हजार. एखादी खोली दोन-तीन महिने रिकामी राहतेच, त्याचे बारा हजार धरा. हाती उरतात एक लाख पंचेचाळीस हजार. त्या जागेला आज पन्नास लाख देणारा माणूस मला भेटलेला आहे. म्हणजे पन्नास लाखांवर शेकडा तीन टक्केसुद्धा पडत नाहीत. हीच रक्कम सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवली तर साडेतीन लाख व्याज येईल, आणि ठेवीची पावती रात्री साडेदहाला फोन करून “सर, नीरु बंदिल्ल री” (पाणी आले नाही हो) असे म्हणत नाही.

प्राप्तिकराची एक सवलत मात्र आहे. मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून तीस टक्के सरसकट वजा मिळतात, डागडुजीला खर्च कमी झाला असो की जास्त. ज्या वर्षी कौले उतरवावी लागत नाहीत त्या वर्षी हा नियम गोड लागतो. खरा नफा जमिनीत आहे. भाव वाढला तो त्या पावणेदोन गुंठ्यांचा. घराचा भाव वर्षागणिक उतरतो आहे. पण जमिनीचा नफा विकल्याशिवाय दिसत नाही, आणि विकायचे म्हटले की चार चुली उठवाव्या लागतात. त्याकडे शेवटी येतो.

वडिलांच्या पिढीत घर भाड्याने देणे म्हणजे घर गेलेच, अशी समजूत होती. ती खोटी नव्हती. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधून ठेवली होती, आणि आमच्याकडेही १९६१ पासून म्हैसूर राज्याचा भाडेनियंत्रण कायदा भाडेकरूच्या बाजूने भक्कम उभा होता. गणपत गल्ली, रामदेव गल्लीकडच्या जुन्या वाड्यांतून भाड्याचे खटले बापाकडून मुलाकडे वारशाने आलेले सगळ्यांना ठाऊक आहेत. २००१ च्या अखेरीस कर्नाटकाचा नवा भाडेकायदा अमलात आला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भाड्याची घरे त्याच्या कक्षेबाहेर गेली. तेव्हाच माझ्यासारख्यांना जागा घेऊन भाड्याने देण्याचा धीर आला. करार अकरा महिन्यांचा का असतो, हे मला विद्यार्थीसुद्धा विचारतात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला हा अकराचा आकडा. आपल्या राज्यात एकरकमी तीन-चार लाख घेऊन बिनभाड्याने घर ‘लीज’वर देण्याचीही रीत आहे, सोडताना रक्कम जशीच्या तशी परत करायची. पुष्कळ मालकांना ती आवडते. मी कधी केली नाही, कारण हातात आलेली रक्कम घरात राहत नाही आणि परत करायची तारीख मात्र कुठे जात नाही.

“मराठी माणसाच्या घरात मराठीच भाडेकरू ठेवा,” असा सल्ला मला आपुलकीने देणारे पुष्कळ भेटले. माझी चार बिऱ्हाडे अशी आहेत : एक विणकर कुटुंब, घरात कन्नड बोलणारे, एक खानापूर तालुक्यातले निवृत्त बसवाहक, मराठी, मागे उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला जाणारी चिकोडीकडची दोन मुले, दोन्ही भाषा सारख्याच चुकीच्या बोलणारी, आणि गोकाककडची एक परिचारिका. करार कन्नडात टाइप होतो आणि ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत मी तो मोठ्याने वाचून दाखवतो. भाडे बुडवून गेलेला माणूस वीस वर्षांत एकच भेटला. तो सबबी अत्यंत शुद्ध मराठीत सांगत असे. ‘घर भाड्याने देणे आहे’ या पाटीखाली ‘मने बाडिगेगे इदे’ हे मी पहिल्यापासून लिहीत आलो. भाडे आणि बाडिगे, दोन्ही शब्द ऐकायला एका घरातलेच वाटतात.

२०२३ च्या जुलैपासून राज्यात दोनशे युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत देणारी गृहज्योती योजना सुरू झाली, तेव्हा आमच्या वाड्यात मोठी खळबळ झाली. सवलत मीटरला, आणि मागच्या दोन्ही खोल्यांना मिळून मीटर एकच. चिकोडीची मुले आणि परिचारिका यांच्यात कोणाच्या आधार क्रमांकाला तो मीटर जोडायचा यावरून अबोला धरला गेला. मी दुसरा मीटर बसवून घेतला. खर्च माझा, सवलत त्यांची. पण वाड्यातली भांडणे मिटवायला मुख्याध्यापकाला इतका स्वस्त मार्ग शाळेत कधी मिळालेला नाही.

त्या विणकर कुटुंबाविषयी थोडे सांगितले पाहिजे. चौदा वर्षे झाली त्यांना. वडगाव-खासबागेत यंत्रमागाचा खडखडाट हाच दिवस उजाडल्याचा आवाज. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि तो आवाज थांबला. मी जून उजाडल्यावर गेलो, तर दारात गृहिणी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेली. नवरा आत होता, बाहेर आला नाही. मी भाड्याचा विषय काढला नाही, तीही बोलली नाही. चार महिने काही घेतले नाही, पुढचे सहा महिने निम्मे घेतले. यात उपकार काही नाही. त्या वर्षी घर रिकामे झाले असते तर दुसरा भाडेकरू मला कुठून मिळणार होता? नंतर तिने आपण होऊन दर महिन्याला पाचशे जास्त द्यायला सुरुवात केली. वही आमच्या सौभाग्यवतीकडे असते. मागची बाकी अजून दोन महिन्यांची दिसते. ती खोडायचे मी एकदा सुचवले. “त्या देतायत, तुम्ही कोण खोडणारे?” असे उत्तर मिळाले.

आता पन्नास लाखांचा गृहस्थ. त्याला शेजारची जागा आणि माझी जोडून तीन मजली अपार्टमेंट बांधायचे आहे. जागा रिकामी हवी, आणि संक्रांतीच्या आत हवी. कायद्याने पाहिले तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तसे सांगतो. पुण्यातला आमचा चिरंजीव म्हणतो, “बाबा, विका. म्युच्युअल फंडात टाका आणि निवांत बसा.” त्याचा हिशेब बरोबर आहे, वर मीच तो मांडून दाखवला. तो काही इकडे परत येणार नाही, आणि कौलांवर चढायचे माझे वय सरले. तीन वर्षांनी सेवानिवृत्ती आहे.

पण विणकराची मुलगी यंदा दहावीला आहे, माझ्याच शाळेत. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि गणितात वर्गात पहिली. मार्च-एप्रिलमध्ये तिची परीक्षा. त्या भाड्यात तेवढी जागा वडगावात आता मिळत नाही; शहराबाहेर जावे लागेल, आणि माग तर वडगावातच. मी त्या गृहस्थाला सांगून टाकले, की मे महिन्याच्या आत जागा रिकामी होणार नाही. तो म्हणाला, “मग भाव हाच राहील असं नाही हं सर.” नसेल राहात. सौभाग्यवतीचे म्हणणे असे, की विकायचे झालेच तर चारही बिऱ्हाडांना अनामतीवर वर्षाचे भाडे धरून द्यायचे. चिरंजीवाला हे फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. दिवाळीला येईल तेव्हा समोरासमोर बोलणे होईल. तोपर्यंत मागच्या खोल्यांच्या स्लॅबला डांबरी थर दिला पाहिजे, परिचारिकेच्या खोलीत ओल आली आहे. गवंड्याने भाऊबीजेनंतरचा सोमवार दिला आहे.