खराडीची जलवाटिका

नगर रस्त्यानें पुण्याहून पूर्वेस निघालें म्हणजे मुळा-मुठेच्या उत्तरतीरीं खराडी लागते. १९९७ सालीं महापालिकेंत सामील होईपर्यंत हें शेतकऱ्यांचें खेडें होतें. आतां पिकांच्या जागीं संगणक-व्यवसायाच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत. गेल्या वैशाखांत तेथें धाकट्या बंधूच्या बिऱ्हाडीं राहण्याचा योग आला.

पेठेंतला वाडा पाडल्यापासून आई तेथेंच असते. परसदार गेलें याची तिला हुरहूर. म्हणून भावजयीनें नवव्या मजल्यावरील सज्जांत पाण्यावरची बाग मांडली. नळ्यांना भोंकें पाडून त्यांत रोपें बसवावयाचीं आणि मुळांखालून खतमिश्रित पाणी खेळतें ठेवावयाचें, असा तो प्रकार. कल्पना नवी नव्हे. १८६० च्या सुमारास जर्मनींत झाक्स व क्नॉप यांनीं मातीवांचून रोपें वाढवून दाखविलीं. १९३७ सालीं अमेरिकेंत गेरिक यांनीं तिला 'हायड्रोपॉनिक्स' हें नांव दिलें. आणि १९४६ सालीं बंगालमध्यें शोल्टो डग्लस यांनीं तिचे प्रयोग आरंभिले.

परंतु आमच्या घरीं पालकाच्या तिसऱ्या खेपेनेंही मान टाकली होती. "माझ्या हातालाच यश नाहीं," असें म्हणून भावजय सर्व आवरावयास निघाली. तोंच आई स्वयंपाकघरांतून म्हणाली, "अगं, ज्या पाण्यांत तुरीची डाळ शिजत नाहीं, त्यांत रोपें काय जगतील?"

शब्द थट्टेचे, पण दुखणें नेमकें तेथेंच होतें. नदी हाकेच्या अंतरावर, तरी त्या दिवसांत सोसायटीची तहान भागे ती टँकरनें आणलेल्या कूपनलिकेच्या पाण्यानें. तें जड. कागदानें परीक्षा केली तों सामू आठाजवळ! रोपांना तो साडेपांच ते साडेसहा लागतो. कोंवळीं पानें पिवळीं आणि शिरा मात्र हिरव्या, हें लोहाच्या उपासमारीचें लक्षण. खतांत लोह होतें. पण असल्या पाण्यांतून तें मुळांना घेतां येत नाहीं. शिवाय उन्हानें टांकी तापे. कोमट पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. त्यामुळें मुळें तपकिरी व बुळबुळीत झालीं होतीं.

मग सडकीं रोपें काढून टांकी धुतली. निम्में पाणी गाळणयंत्राचें घेतलें, आम्लाचे थेंब घालून सामू सहावर आणला व खताची मात्रा निम्मी केली. टांकीला पांढरें फडकें गुंडाळलें आणि माशांच्या पेटींतला हवेचा पंप तींत सोडला. पिवळीं पानें तशींच राहिलीं. पण पंधरा दिवसांनीं नवीं पानें हिरवीं आलीं. दहांपैकीं सहा रोपें वांचलीं.

आईची तुळस मातींतच आहे, आणि ती तेथेंच राहील. परंतु आतां रोज सकाळीं तिला पाणी घातल्यावर आई सुनेला हांक मारते, "आज सामू किती ग?" वाड्यांतून आल्यापासून तिनें दिवसाची सुरुवात प्रश्नानें केलेली आम्हीं कधीं ऐकली नव्हती.