भरती

बबीन्यात भरती म्हणजे सैन्यभरती. झाशीजवळची ही छावणी. तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. या शब्दाचा दुसरा अर्थ मला मुलाला मुद्दाम शिकवावा लागला.

माझे बाबा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर खलाशी. त्यामुळे मुंबई मी आधी पाण्यावरूनच पाहिली : गोदीतल्या क्रेन आणि त्यांच्यामागे उन्हात पुसट झालेल्या इमारती. बाबा मात्र नांगरलेल्या जहाजांकडे बघत. जहाज प्रवाहाला तोंड देऊन उभं राहतं. तोंडं समुद्राकडे असली, की पाणी भरतंय. उतरतं पाणी वाईट. रेवसच्या गाळात लाँच जेट्टीला लागत नाही.

ते आजारी पडले तेव्हा नेहमीची पंजाब मेल सोडून मी दिल्लीहून विमान धरलं. पहिलंच. वरून दिसल्या त्या निळ्या ताडपत्र्या, मैलोन्‌मैल, मग अटल सेतूची रेघ. एवढ्या पसाऱ्यात आपलं माणूस कुठे शोधायचं? तेवढ्यात जहाजं दिसली, तांदळाच्या दाण्यांएवढी, सगळी एका दिशेला. मागचे पांढरे मजले बघून तोंडं ओळखली.

संध्याकाळी इस्पितळात बाबांनी शहराचं काहीच विचारलं नाही.

"पाणी?"

"भरत होतं."

"किती वाजता?"

"साडेअकराला."

त्यांनी बोटांवर मोजलं. "मग आता उतरतंय. लाँचवाल्यांना सांग, पोरी. अडकतील."