जर-तरची माणसं

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाला, "आजी, एक सांग. या विज्ञानकथा लिहिणारे बहुतेक सगळे कॉम्प्युटरवालेच कसे काय गं?" तो स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा प्रश्नात थोडी स्वतःची टिमकीही होतीच! मी म्हटलं, "मला काय विचारतोस रे? मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. जन्मभर हदगावात समास आणि अलंकार शिकवले."

फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण या प्रश्नाशी माझं एक जुनं देणं आहे. ते शेवटी सांगते.

आधी नातवाचं म्हणणं तपासून पाहू. (मास्तरकीची खोड, जाता जात नाही.)

मराठीपुरतं बोलायचं तर ते फारसं खरं नाही. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली की झालं! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी आपल्या हातानं उतरवून दिली. पहिलं बक्षीस मिळालं. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा ही गोष्ट मला पुन्हा आठवली होती. बाकीचे पाहा. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले. सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर. निरंजन घाटे भूशास्त्र शिकलेले. 'विप्लवा' लिहिणारे अरुण साधू तर पत्रकार. यात कॉम्प्युटरवाला कुठे आहे?

बाहेरच्या जगातही असिमॉव्ह जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. आणि गंमत म्हणजे, कॉम्प्युटरच्या जगाची कादंबरी म्हणून गाजलेली १९८४ची 'न्यूरोमॅन्सर' विल्यम गिब्सननं साध्या टाइपरायटरवर लिहिली. पण हेही खरं की पुढे व्हर्नर विंज आले, ते विद्यापीठात गणित आणि संगणकशास्त्र शिकवायचे. ग्रेग ईगन प्रोग्रामर. टेड चँग संगणकशास्त्र शिकलेले. म्हणजे आपल्या काळाकडे यावं तसा नातू बरोबर ठरत जातो.

असं का? एक कारण सरळ आहे. साठ-सत्तरच्या दशकात हुशार पोरगं भौतिकशास्त्राकडे जायचं, अणुकेंद्राची स्वप्नं बघायचं. नव्वदनंतर तेच पोरगं कॉम्प्युटरकडे गेलं. डोकी तीच, फक्त रस्ता बदलला.

दुसरं कारण, मराठी टंकायचं कसं हे आधी यांनाच कळलं. 'मायबोली' १९९६ साली सुरू झाली, 'मनोगत' २००४ साली, 'मिसळपाव' २००७ साली. तिथे रात्र रात्र जागून लिहिणाऱ्यांत अमेरिकेतली, बंगलोरची आयटीतली मुलं किती होती! आम्ही मराठीचे शिक्षक तेव्हा 'ज्ञ' कुठल्या कळीवर आहे ते शोधत होतो. :)

पण तिसरं कारण मला जास्त पटतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हा शिक्षकांना एमएस-सीआयटी करावी लागली. पंचावन्नाव्या वर्षी मी माझ्याच विद्यार्थिनीच्या वयाच्या मुलीसमोर माउस धरून बसले. एक दिवस तिनं एक्सेलमधलं 'इफ'चं सूत्र शिकवलं. अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर. मी एकदम म्हणाले, "अगं, हा तर आपला संकेतार्थ!" पोरीला काही कळलं नाही. पण मी पंचवीस-तीस वर्षं फळ्यावर हेच लिहीत होते, 'पाऊस आला असता तर ज्वारी हाती लागली असती.'

विज्ञानकथा तरी वेगळं काय करते? जगातली एकच गोष्ट बदलायची आणि मग प्रामाणिकपणे बघत जायचं, पुढे काय काय होतं. प्रोग्राम लिहिणारा दिवसभर हेच करतो. त्याला 'कसंबसं भागेल' म्हणता येत नाही. एक 'तर' राहिला की सगळं अडतं.

आता ते देणं.

१९९६ साली नववीच्या सहामाहीला मी निबंध दिला होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'. साठेक पेपर होते. बहुतेकांचे ढग एकाच गाइडातून आलेले. एका मुलानं मात्र काहीतरी भलतंच लिहिलं. वर्ष २०५०. पाऊस आता नांदेडच्या एका ऑफिसातून बटण दाबून पाडतात, गावांच्या पाळ्या लावून. मी अर्धं पान वाचलं, १५ पैकी ४ गुण दिले आणि लाल शाईनं लिहिलं, 'विषय सोडून लिहिले आहे. कल्पनेचे घोडे आवरा.'

मुलगा पैनगंगेच्या बाजूच्या एका खेड्यातून यायचा. वडिलांची कोरडवाहू जमीन. पुढे तो पॉलिटेक्निकला गेला, मग हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये लागला.

गेल्या दिवाळीत तो भेटायला आला. आता त्याच्या कानाजवळ केस पांढरे झालेत. वाकून नमस्कार केला, चहा घेतला, आणि हसत म्हणाला, "बाई, तुमची ती लाल रेघ अजून आहे माझ्याकडे." त्यानं फोनवर पेपराचा फोटो दाखवला. रागावलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. म्हणाला, त्यानंतर चोवीस वर्षं मराठीत अर्जाशिवाय काही लिहिलं नाही. २०२० साली लॉकडाउनमध्ये घरी बसला तेव्हा पुन्हा गोष्टी लिहायला लागला. आता दहा-बारा झाल्यात.

मी त्याला नातवाचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. तुला कोड लिहिता लिहिता गोष्टी कशा सुचतात रे? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, कोडमध्ये 'जर' लिहिलं की 'तर' लिहावंच लागतं. आमच्या घरी नुसतं 'जर' होतं. जर पाऊस आला, जर भाव मिळाला... 'तर'पर्यंत बाबा कधी पोचलेच नाहीत. गोष्टीत मी पोचवतो."

तो गेल्यावर मी फोटो मोठा करून तो निबंध पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. बटण दाबणारा माणूस एका कोरड्या गावातलाच असतो. त्याच्या गावाची पाळी यादीतून सुटलेली असते. रात्री ऑफिसात तो एकटाच असतो, बटण हाताशी असतं. आणि तो ते दाबत नाही. कारण दाबलं तर दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा पाऊस जाणार. सकाळी तो घरी फोन करून विचारतो, आभाळ कसं आहे?

चौदा वर्षांच्या मुलानं हे लिहिलं होतं. आणि मी अर्ध्या पानावर थांबले होते.

विषय सोडला नव्हता त्यानं. पावसाळ्यातलाच दिवस होता तो. आमच्या भागातला.

जाताना त्यानं एक नवी गोष्ट छापून आणलेली दिली होती. "तपासून द्या बाई," म्हणाला. मी लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. गुण काही दिले नाहीत. तो अधिकार मी १९९६ सालीच घालवला.

तर नातवा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे. पटलं तर बघ. आणि वाचणाऱ्यांत कुणी अजून पेपर तपासत असाल, तर एक विनंती. कंटाळा आला तरी शेवटची ओळ वाचत चला.