बकऱ्यांचा रकाना

चि. सोनू,


तुझं पत्र वाचलं. संस्थेने यशोगाथांची पुस्तिका तुझ्या गळ्यात घातली म्हणायची! सोबत नमुनाही दिलाय: समस्या, उपाय, फलित, लाभार्थ्याचे दोन शब्द, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आणि तू विचारतेस, मावशी, तुझी उभी हयात पाणलोटाच्या कामात गेली, कुठली गावं घेऊ? गावं सांगते. पण त्या नमुन्याशी माझं भांडण आहे, ते आधी ऐकून घे.

हे फलित साधण्यासाठी गावाने काय सोडलं आणि ते कुणाच्या पदरचं सोडलं, एवढा एक रकाना त्यात नाही. पाणलोटाचं काम म्हटलं की लोकांना बांध आणि चर दिसतात. पण डोंगरावर गुरं-शेरडं मोकाट असतील तर चर वर्षा-दोन वर्षांत बुजतात आणि लावलेलं रोप कंबरेइतकंही होत नाही. म्हणून पहिली अट चराईबंदीची. आता बघ, पाणी वाढलं की ते आधी वाढतं ओढ्याकाठच्या विहिरीत, म्हणजे ज्याची तिथे जमीन आहे त्याच्या घरी. आणि ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याची चूल बंदीच्या पहिल्याच दिवशी अडचणीत येते. डोंगर हिरवा व्हायला तीन-चार पावसाळे जावे लागतात. शेळी संध्याकाळी घरी येते ती भुकेली.

एका अभ्यास दौऱ्यात मी होते. मार्गदर्शक गॅबियन बंधाऱ्यावर उभे राहून किती घनमीटर पाणी अडलं ते सांगत होते, आमची मंडळी मोबाइल वर धरून फोटो काढत होती. मागून एका म्हातारीने विचारलं, "आन् मग यांची शेरडं गेली कुठं?" मार्गदर्शक तोवर पुढच्या बंधाऱ्याकडे निघाले होते. त्या दिवसभरातला कामाचा प्रश्न तेवढाच होता, आणि दौऱ्याच्या अहवालात तो आला नाही. अहवालात जेवणाची उत्तम सोय मात्र आली.

तर हिवरे बाजार. हे घ्यावंच लागेल, पण बंधाऱ्यांसाठी घेऊ नकोस. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले तेव्हा हे नगर तालुक्यातलं गाव दारू आणि स्थलांतर यांसाठी ओळखलं जायचं. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आदर्श गाव योजनेची पंचसूत्री, म्हणजे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान, ही अनेक गावांनी भिंतीवर रंगवली. हिवऱ्याने तिच्यात बोअरवेलबंदीची भर घातली: शेतीसाठी कुणी बोअर घ्यायचं नाही. ऊस नाही, केळी नाही. बाहेरच्याला जमीन विकायची नाही. डोंगरावरचं गवत कापून न्यायला मुभा, जनावर सोडायला नाही. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे खरं. गवत वाढलं, गोठ्यातली जनावरं वाढली, दूध वाढलं. पण त्यासाठी शेळीवाल्याला आधी शेळ्या कमी कराव्या लागल्या, हेही त्याच उत्तरात आहे.

आणि तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस सरला की किती पडला, विहिरींची पातळी किती, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, हे मांडून उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी झाला तर भारी पाण्याचं पीक त्या वर्षी नाही. हे लिहायला एक ओळ लागते. पण भर सभेत, स्वतःच्या चुलतभावासमोर, "यंदा तुझा कांदा नाही" असं म्हणायला काय लागतं ते तू गावात राहशील तेव्हा कळेल. पुस्तिकेत मला ती सभा हवी आहे. कोण उठून गेलं, कोणाला कसं परत आणलं, नियम मोडणाऱ्याचं काय केलं, ते विचार. लोक सांगतात. फक्त सरपंचांच्या ओट्यावर बसून विचारू नकोस.

दुसरं नाव तुझ्या पत्रातल्या यादीत नाही याचं मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. पाणी पंचायत. 1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरले. पुढे नायगावला देवस्थानाची चाळीसेक एकर माळजमीन कसायला घेऊन त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी तिथे मुक्काम ठोकला. ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं. पाणी अडवणं त्यांनीही केलं, पण त्यांचं खरं काम अडवलेलं पाणी वाटण्याचं. पाणी जमिनीच्या एकरावर द्यायचं नाही, घरातल्या माणशी द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी घालायचा. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

शेवटची अट पुन्हा वाच. ज्याला शेत नाही तो पाण्याचं काय करणार, असं तेव्हाही हसत विचारलं जायचं. तो कुणाची जमीन वाट्याने घेईल, नाहीतर आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याच्या शेताला देऊन पिकात हिस्सा मागेल. महत्त्वाचं हे, की मग डोंगर राखण्यात त्याचाही स्वार्थ असतो. शेळीवाल्याला बंदी पाळायला सांगताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवता येतं.

साळुंखे 2002 मध्ये गेले. पाणी पंचायतीचं कौतुक सगळ्यांनी केलं, पुरस्कार दिले, प्रबंध लिहिले. पण महाराष्ट्रभर उचलले गेले ते बंधारे आणि पाझर तलाव. माणशी वाटपाचा नियम फारच थोड्यांनी उचलला. बंधाऱ्याला निधी मिळतो, फीत कापता येते, पाटी लावता येते. वाटपाच्या नियमाला लागतं ते भांडण, आणि त्याला कुठल्याच अंदाजपत्रकात तरतूद नसते. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, कायदा 2014 पासून लागू झाला तेव्हापासून हे जास्तच झालंय असं माझं मत. तुझ्या साहेबांना दाखवू नकोस हे वाक्य.

आता हे गावांना शिकवायचं कसं, हा तुझा दुसरा प्रश्न. पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा आठवते ना? 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीनच तालुक्यांत सुरू झाली आणि 2018 पर्यंत पंचाहत्तर तालुक्यांत गेली. यंत्रांच्या अतिवापरापासून भूशास्त्राच्या हेळसांडीपर्यंत तिच्यावर टीका बरीच झाली. त्यातली काही रास्त होती. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी ओळखली. प्रशिक्षणाला एका गावातून पाच जण बोलवायचे, त्यात बाया हव्यातच, आणि चार दिवस मुक्कामी ठेवायचं. एकटा सरपंच शिकून आला तर गाव म्हणतं, "साहेब फिरून आले." पाच घरांतली पाच माणसं आली की जेवताना घराघरांत विषय निघतो, आणि पाचांतला एक बिचकला तर बाकीचे चार त्याला धरून ठेवतात.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यसेविका केलं, त्यातही हेच होतं. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला जमायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या, आणि फसलेलं बाळंतपणही तिथे बोललं जायचं. पुढे देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला आले. सतरंजीवर बसून.

तेव्हा पुस्तिका काढच, नाही म्हणत नाही. फक्त प्रत्येक गावामागे दोन पानं विरोध करणाऱ्यांना दे. 'लाभार्थ्याचे दोन शब्द' काढून टाक. ते आपणच लिहून देतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जागी पाटकऱ्याला विचार की गेल्या उन्हाळ्यात पाळीवरून वाद कुणाचा झाला. आणि गावाचा दौरा श्रावणात ठेवू नकोस, श्रावणात कुठलंही गाव यशस्वी दिसतं. एप्रिलात जा, एक रात्र मुक्काम कर, सकाळी हंडे कुठे निघतात ते बघ. बरोबर दोन तरी शेळीवाल्या ने, त्यांचा रोज संस्थेने भरायचा. तेवढा खर्च प्रवासखर्चाच्या कलमात बसतो, मी बसवलेला आहे.

कच्चा मसुदा पाठव. फोटो नंतर बघू.

तुझी,
मावशी