तीन, सहा, नऊ

कोल्हापूरला मावशीच्या बंगल्यातल्या अलार्मची तीन बटणं एकाच दिवशी मेली. ३, ६ आणि ९. त्यांच्याखालचं चौकड्याचं (#) बटणही गेलं होतं, पण ते कुणी दाबतच नाही, म्हणून उशिरा लक्षात आलं. १, २, ४, ५, ७, ८ आणि ० दाबले की नेहमीसारखा ‘टिक’ आवाज यायचा. उजवीकडची उभी ओळ मात्र मुकी. मावशीच्या कोडमध्ये यातला एक आकडा आहे. संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन ती घरी आली, दार उघडलं, कोड घालायला गेली आणि कोड पुरा होईना. ठरलेली सेकंदं संपली आणि सायरन सुरू झाला. गल्ली गोळा झाली. शेवटी तो आपल्या वेळेने थांबला.

बसवून गेलेल्या माणसाने फोनवरच निकाल दिला: कीपॅड गेला, हे मॉडेल आता येत नाही, सगळी सिस्टिमच नवी घ्या. मला हे ऐकवत नाही. वस्तू उघडून न बघता तिला मेलेली ठरवायची, ही रीत आपल्याकडे गेल्या वीसेक वर्षांत फार बोकाळली आहे. शिवाय या बिघाडात मला काहीतरी नीटनेटकं दिसत होतं. बिघाड असा सरळ रेषेत कसा येईल?

शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी उभा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत काढला. हातात मीटर, खिशात टेस्टर. त्यांनी आधी कीपॅडला हातही लावला नाही. लांबूनच बघत विचारलं, “दिवे लागतात?” लागत होते. “बाकीची बटणं घेतोय?” घेत होता. “मग वायरीत काही नाही. सप्लाय नसता तर दिवेच लागले नसते. डेटाची वायर गेली असती तर एकही बटण घेतलं नसतं. भानगड या डबीच्या आत आहे.”

झाकण उघडण्याआधी त्यांनी मला पॅनलचा मेन बंद करायला लावला आणि बॅटरीची वायर काढायला लावली. झाकणामागे एक बारकी कळ असते, झाकण हललं की तीही बोंब ठोकते. मग भिंतीतून आलेल्या चार वायरी दिसल्या. लाल आणि काळी बारा व्होल्टच्या, पिवळी आणि हिरवी निरोपाच्या. एवढ्यावर घराची राखण.

आत रबराची एक पातळ चादर. तिच्यावर बटणांचे उंचवटे, प्रत्येकाच्या पोटाशी कार्बनचा काळा ठिपका. बटण दाबलं की ठिपका खालच्या सर्किटवरच्या दोन पट्ट्यांना टेकतो आणि त्या जोडल्या जातात. बारा बटणांना बारा वायरी लागत नाहीत. चार आडव्या रेषा आणि तीन उभ्या, सातांत काम भागतं. ६ दाबलं की दुसरी आडवी आणि तिसरी उभी रेषा एकमेकींना भेटतात, त्यावरून यंत्राला कळतं. म्हणजे तिसरी उभी रेषा तुटली की ३, ६, ९ आणि चौकडा एकदम जाणार. दुसरी आडवी तुटली असती तर ४, ५, ६ गेले असते. माझं कोडं सुटलं होतं आणि मी भिंतीला टेकून लहान मुलीसारखी खूश झाले होते.

१९६३ साली अमेरिकेत बटणांचा फोन आला, त्यातही हीच मांडणी होती. प्रत्येक आडव्या रेषेला एक सूर, प्रत्येक उभ्या रेषेला एक, आणि बटण दाबलं की दोन्ही एकदम वाजणार. ३, ६, ९ या तिघांचा सामाईक सूर १४७७ हर्ट्झचा आहे. आकडे वरून १-२-३ असे मांडायचे की कॅल्क्युलेटरसारखे खालून, यावर बेल लॅब्जमध्ये जॉन कार्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरी माणसं बसवून चाचण्या केल्या होत्या. आपलं बोट आज ज्या वाटेने जातं, ती वाट तिथे ठरली.

पण मावशीच्या ओसरीत बसून मला आठवत होता तो मिरजेचा गुरखा.

आमच्या लहानपणी गल्लीत रात्री गुरखा यायचा. खाकी स्वेटर, कानटोपी, हातात लोखंडी टोकाची काठी. विजेच्या खांबापाशी आला की काठी खांबावर आपटायचा. ठण्ण. मग शिट्टी. लांबून, बहुधा ब्राह्मणपुरीच्या बाजूने, दुसऱ्या गुरख्याची शिट्टी यायची, की हा पुढे सरकणार. गल्लीत सगळे त्याला बहादूर म्हणायचे. त्याचं खरं नाव फक्त आईला माहीत होतं. पोखऱ्याच्या पलीकडचं त्याचं गाव, घरी दोन मुली, मोठी शाळेत जाते, हेही तिलाच माहीत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो दिवसा यायचा, पैसे घ्यायला. दिवसा तो फार बारका दिसायचा. आई त्याला चहा द्यायची आणि तो पायरीवर, उंबऱ्याच्या बाहेर बसून प्यायचा. आत ये म्हटलं तरी यायचा नाही.

माझ्या वडिलांना झोप नसायची. ते अंथरुणावर पडून काठीचे आवाज ऐकायचे. आमच्या कोपऱ्यावरचा खांब, मग पिठाच्या गिरणीचा, मग शाळेजवळचा. तिसरा आवाज ऐकला की कूस बदलायचे. एका थंडीत तो तापाने पडला आणि रात्री आला नाही. त्या रात्री काही वाजलं नाही, कुणी ओरडलं नाही, आणि तरी गल्लीतल्या कितीतरी घरांत दिवे लागले. लोक गॅलरीत आले, एकमेकांना विचारू लागले. गिरणीवाले तर कंदील घेऊन चौकापर्यंत जाऊन आले. सकाळी आई तुळशीचा काढा घेऊन त्याच्या खोलीवर गेली, मीही सोबत गेले. खोलीत एक ट्रंक, एक चूल आणि कोपऱ्यात ती काठी. हातात घेऊन बघितली तर मला पेलली नाही. खालचं लोखंड खांबावर आपटून आपटून एका बाजूने सपाट झालं होतं, नाण्यासारखं लख्ख. तो उठून बसला आणि आईला म्हणाला, “आज रातको आऊंगा.” आला. खांब वाजला आणि वडील झोपले.

काका तोवर दाराच्या चौकटीवरचा सेन्सर उघडून बसले होते, हात लागलाच आहे तर सगळं बघून घेऊ म्हणून. वायरीच्या अगदी शेवटी, चौकटीच्या पोटात, त्यांनी मला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा रेझिस्टर दाखवला. “हिरवा, निळा, लाल. पाच हजार सहाशे ओहम. यातनं रात्रंदिवस बारीक करंट जात राहतो. पॅनल तेवढाच मोजत बसतो. कुणी वायर कापली की करंट थांबला. दोन वायरी एकमेकींना जोडून दिल्या की वाढला. दोन्हीकडे बोंब.”

मी बराच वेळ तो दाणा बघत राहिले.

अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप नावाच्या धर्मोपदेशकाने विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं ते १८५३ साली, आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याच वर्षी. त्याच्या घंटेत दार उघडलं की सर्किट पुरं व्हायचं आणि ठोके पडायचे. एडविन होम्सने १८५७ मध्ये ते हक्क विकत घेतले आणि त्याचा धंदा केला. उघडल्यावर ओरडणारी घंटा ही चांगलीच सोय. पण वाहता प्रवाह थांबला म्हणून जागी होणारी घंटा मला जास्त शहाणी वाटते.

आमच्या कीपॅडचा दोष शेवटी सापडला तो तिसऱ्या उभ्या रेषेची पट्टी जिथे सर्किटला जोडली होती तिथे. ही भिंत पश्चिमेची, कोल्हापूरचा पाऊस तिच्यावर झोडपतो, आतून ओल येते. सांध्यावर हिरवट गंज धरला होता आणि एका टोकाशी केसाएवढी भेग. “ड्राय सोल्डर,” काका म्हणाले. त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशला आयसोप्रोपिल लावून गंज काढला, मीटर बीपवर ठेवून भेगेच्या दोन्ही बाजूंना टोचला. बीप नाही. सोल्डरिंग गन टेकवली, राळेचा वास पसरला. पुन्हा टोचला. बीप. बटणांच्या काळ्या ठिपक्यांवरूनही कापसाने हात फिरवला, कारण शेजारीच स्वयंपाकघर आणि फोडणीची वाफ तिथेही पोचली होती. भिंतीचा संबंध तुटावा म्हणून डबीमागे प्लास्टिकचा जाड तुकडा घातला. बॅटरीचे व्होल्ट बघितले, ते पडले होते. बारा व्होल्ट सात ॲम्पिअर-अवरची ती सीलबंद बॅटरी चार-पाच वर्षांत दम सोडते आणि वीज गेली की मग अलार्मही जातो. ती मात्र नवी आणली. सिस्टिम तीच आहे.

मावशीने काकांना पोहे दिले आणि कोड घालून बघितला. तेव्हा काकांनी तिला रबराची चादर आधी उजेडात कशी दिसली ते सांगितलं. चार बटणांवरची छपाई पुसट झाली होती, बाकीची कोरी करकरीत. चार आकडी कोडच्या दहा हजार शक्यता असतात. पण चार बटणं झिजलेली दिसली की बघणाऱ्याला फक्त चोवीस उरतात. मावशीने त्याच दुपारी कोड बदलला. तुमच्याकडे असा कीपॅड असेल तर दिवसाउजेडी जरा तिरका धरून बघा आणि तुम्हीही बदला.